अंगण गार करायचं तर खर्च किती?

मार्च उलटला की नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या घरांत एक विषय निघतोच: संध्याकाळी अंगणात, ओसरीत किंवा गच्चीवर बसता यावं म्हणून यंदा काय करायचं? शेजारी हिरवी जाळी बांधून मोकळा झालेला असतो. फॅब्रिकेटर पत्र्याच्या शेडचं कोटेशन देतो. दुकानदार पाण्याचे तुषार उडवणारा मिस्टिंगचा संच पुढे करतो. खर्च हजार रुपयांपासून लाखापर्यंत कितीही होऊ शकतो आणि प्रत्येक जण सांगतो, ‘एकदम गार वाटेल.’

पैसे काढण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. चार भिंतींबाहेरची हवा कोणालाच गार करून ठेवता येत नाही, कारण वारा ती घेऊन जातो. आपल्याला गार करायचा आहे तो तिथे बसलेला माणूस. त्याच्या अंगावर ऊन पडू नये, तापलेल्या फरशी-भिंतीची धग लागू नये, घाम सुकेल इतका वारा मिळावा आणि हवा कोरडी असेल तर पाण्याची मदत व्हावी. खर्चही याच क्रमाने करायचा: सावली, जमीन, वारा आणि शेवटी पाणी. बाजार मात्र आपल्याला नेमका उलट्या क्रमाने माल विकतो.

हिशेबासाठी १२ फूट बाय १५ फूट, म्हणजे १८० चौरस फुटांची, पश्चिमेला उघडी असलेली जागा धरली आहे. पुढचे भाव विदर्भातल्या शहरांतले ठोक अंदाज आहेत. गाव, हंगाम आणि मालाची प्रत यांप्रमाणे ते खाली-वर होतील.

आधी आपली हवा ओळखा

पाण्याने किती गारवा मिळेल हे हवेतल्या दमटपणावर ठरतं. थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की पारा जिथपर्यंत उतरतो, तिथपर्यंतच पाणी हवेला खाली आणू शकतं. त्याच्याखाली कोणताही कूलर जात नाही.

नागपुरात मे महिन्यात दुपारी ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा आकडा २२-२३ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे पाण्याला खेळायला वीस अंशांचं मैदान मिळतं. मुंबई-रत्नागिरीकडे ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तो २८-२९ अंशांवर थांबतो. मैदान जेमतेम पाच-सहा अंशांचं. चांगला कूलर यातला तीन-चतुर्थांश भाग जिंकतो. म्हणून नागपुरात कूलरच्या तोंडाशी हवा पंधरा अंशांनी उतरते, तर रत्नागिरीत चार अंशांनी उतरून वर अंग चिकट करते.

तुम्ही ज्या वेळी बाहेर बसता, त्या वेळची आर्द्रता मोबाइलवरच्या हवामानात आठवडाभर पाहा. ती ३५ टक्क्यांच्या खाली असेल तर पाण्यावरचा खर्च वसूल होतो. ५५-६० च्या वर असेल तर पाण्याचा विचार सोडा आणि ते पैसे सावली-वाऱ्यावर घाला. विदर्भातही जूनच्या उत्तरार्धात पाऊस आला की हाच नियम लागू होतो.

पहिला खर्च: सावली

मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच राहते. त्यामुळे फटी असलेली शोभेची लाकडी चौकट, म्हणजे नुसता ‘पर्गोला’, दुपारी कामाचा नाही. त्यावर जाळी किंवा वेल हवाच. दुसरं असं की या दिवसांत सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, वायव्येकडे कलून मावळतो. पाच ते साडेसहाचं ऊन आडवं येतं आणि छपराखालून थेट खुर्चीपर्यंत पोचतं. छपरावर पन्नास हजार घालून पश्चिम-वायव्य बाजू उघडी ठेवणारे लोक संध्याकाळी पुन्हा घरातच जाऊन बसतात.

*हिरवी जाळी.* शेडनेट ३५, ५०, ७५, ९० अशा टक्क्यांनी मिळते. आकडा सावलीचा असतो. झाडांसाठी ५० ठीक. माणसांनी बसायचं तर ७५ किंवा ९० घ्या. आपल्या जागेसाठी कडा धरून २० चौरस मीटर लागते. ९० टक्क्यांची जाळी चौरस मीटरला ३० ते ६० रुपये, म्हणजे ६०० ते १,२०० रुपये. बांबू किंवा जुने पाइप, तार आणि मजुरी मिळून आणखी दोन-तीन हजार. जाळी डोक्यापासून निदान अडीच-तीन फूट वर ठेवा. ती स्वतः तापते आणि खाली असेल तर धग मारते. दोन-तीन उन्हाळ्यांत ती विरते. वळवाच्या वादळात अशी जाळी खांबासकट उडते, म्हणून गाठी चटकन सोडता येतील अशा मारा.

*बांबूचे तट्टे आणि चिका.* पश्चिमेच्या उभ्या बाजूला तट्ट्यासारखा स्वस्त उपाय नाही. बुरडाकडे साधा तट्टा चौरस फुटाला १५ ते ३० रुपयांत होतो. १२ फूट रुंद आणि ८ फूट उंच बाजूला सुमारे दोन हजार. दोरीने गुंडाळता येणारी चीक हवी तर चौरस फुटाला ६० ते १२०, म्हणजे सहा ते साडेअकरा हजार. चिकेचा फायदा असा की ऊन गेलं की ती वर घेऊन वारा आत सोडता येतो.

*पत्र्याची शेड.* लोखंडी सांगाड्यासह चौरस फुटाला १८० ते ३०० रुपये, म्हणजे ३२ ते ५४ हजार. उन्हात नुसता पत्रा हात लावता येणार नाही इतका तापतो आणि ती धग सरळ खाली सोडतो. शेड करायचीच असेल तर मध्ये फोम असलेले पफ पॅनेल घ्या. सांगाड्यासह चौरस फुटाला ३५० ते ४५० रुपये पडतात, पण खालची बाजू तापत नाही. ते परवडत नसेल तर पत्रा पांढऱ्या रंगाचा घ्या आणि त्याच्या फूटभर वर जाळी ताणा. पारदर्शक पॉलिकार्बोनेट पत्रा विदर्भात टाळा. प्रकाशाबरोबर तो ऊनही आत घेतो.

*वेल.* मधुमालती, बोगनवेल यांचं रोप ५० ते १५० रुपयांना मिळतं. मांडव भरायला दोन वर्षं लागतात, मात्र पानं पत्र्यासारखी तापत नाहीत. आज जाळी बांधताना खांबाशी वेल लावून टाका. जाळी विरेल तोवर वेल वर आलेला असेल.

दुसरा खर्च: जमीन, भिंत, स्लॅब

दिवसभर ऊन खाल्लेला काँक्रीटचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. ओसरीवर स्लॅब असेल तर त्याची वरची बाजू पांढरी करणं हा सगळ्यांत किफायतशीर उपाय. चुन्याचे दोन हात मजुरीसह चौरस फुटाला चार-सहा रुपयांत होतात, म्हणजे १८० फुटांना हजार रुपयांच्या आसपास. चुना पावसात धुपतो, दर उन्हाळ्याला पुन्हा मारावा लागतो. उष्णता परतवणारा तयार रंग चौरस फुटाला २० ते ३५ रुपये घेतो आणि काही वर्षं टिकतो. स्लॅब गळका असेल तर आधी गळती काढा, मग रंग.

पांढरा रंग वरच्या बाजूला द्या. बसण्याच्या जागेसमोरच्या उघड्या जमिनीला देऊ नका. तिथून ऊन परतून डोळ्यांवर आणि अंगावर येतं. समोर माती, हिरवळ किंवा कुंड्या बऱ्या.

तिसरा खर्च: वारा

साधा छताचा पंखा ७० ते ८० वॅट खातो आणि दीड-दोन हजारांना मिळतो. बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास खातो, किंमत अडीच ते साडेतीन हजार. छताच्या पंख्यांवर २०२३ पासून तारांकन सक्तीचं आहे, ते बघून घ्या. छप्पर उंच किंवा जाळीचं असेल तर भिंतीवरचा किंवा उभा पंखा घ्या.

पंख्याची मर्यादाही लक्षात ठेवा. पंखा हवा गार करत नाही, घाम सुकवतो. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा अंगावर गरम झोत मारतो. अशा वेळी तो वापरू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. म्हणजे विदर्भात दुपारी दोनला अंगणातला पंखा उपयोगाचा नाही, संध्याकाळी सातला आहे.

चौथा खर्च: पाणी

एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता ओढली जाते. १५ लिटरची बादली अंगणात शिंपडली आणि ती पूर्ण सुकली, तर सुमारे दहा युनिटइतकी उष्णता जमिनीतून आणि हवेतून निघून जाते. आपल्याकडचा तिन्हीसांजेचा सडा या हिशेबाला पक्का उतरतो. फक्त तो ऊन उतरल्यावर घाला आणि जमीन सुकल्यावर बसा. पाण्याची टंचाई असेल तर भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं.

*कूलर.* नागपूरकडचा लोखंडी डबा आणि तीन बाजूंना ताट्या असलेला कूलर ओसरीसाठी उत्तम. खोलीत दमट हवा साचते. बाहेर ती अडचण येत नाही. किंमत साडेचार ते नऊ हजार. नामांकित कंपनीचा ७०-९० लिटरचा प्लास्टिकचा कूलर नऊ ते पंधरा हजार. वूडवूलच्या ताट्यांचा संच दोनशे ते पाचशे रुपयांत मिळतो आणि एक हंगाम जातो. हनीकोंब ताट्या आठशे ते दोन हजार, पण तीन-चार हंगाम टिकतात. वाळ्याच्या ताट्यांना सुगंधाचे जास्त पैसे पडतात. कूलर जागेच्या कडेला, वाऱ्याकडे पाठ करून आणि माणसांपासून सहा-आठ फुटांवर ठेवा. त्यापलीकडे झोत विरतो. मोठा कूलर तासाला १० ते १५ लिटर पाणी पितो, हे टाकी भरणाऱ्याने आधीच जाणून घ्यावं.

*मिस्टिंग.* यात दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. नळाच्या किंवा छोट्या पंपाच्या दाबावर चालणारा संच ८०० ते आठ हजारांत येतो. त्याचे थेंब जाड, हवेत सुकण्याआधी खाली पडणारे. कपडे, गादी, फरशी ओली होते. तो झाडांच्या कडेला, माणसांपासून लांब ठीक आहे. सुमारे ७० बार दाबाचा संच खरोखर धुक्यासारखे बारीक कण सोडतो, पण पंप, नळ्या, नोझल आणि बसवणी धरून ५० हजारांपासून लाखाच्या वर जातो. उपाहारगृहाला तो परवडेल. घरच्या ओसरीला बहुधा नाही.

दोन्हींचा खरा शत्रू म्हणजे बोअरचं जड पाणी. क्षार साचून नोझल तुंबतात. गाळणी लावा आणि आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी यात कधीच वापरू नका, कारण त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. पंप घरच्या टाकीवरून जोडा. नगरपालिकेच्या नळाला थेट टुल्लू पंप लावणं बेकायदा आहे.

महिन्याचा चालू खर्च

युनिटला १२ रुपये धरून ३० दिवसांचा हिशेब असा. १०० ते ३०० युनिटांच्या टप्प्यात दर साधारण इतका पडतो. तुमचा वापर ३०० युनिटांच्या वर जात असेल तर आकडे बरेच वाढतील. बिलावरचा टप्पा पाहून गुणाकार करा.

• साधा पंखा, रोज ६ तास: १३.५ युनिट, १६२ रुपये
• बीएलडीसी पंखा, रोज ६ तास: ५.४ युनिट, ६५ रुपये
• १८० वॅटचा कूलर, रोज ६ तास: ३२.४ युनिट, सुमारे ३९० रुपये. पाणी सव्वादोन हजार लिटरच्या आसपास
• अर्धा किलोवॅटचा मिस्टिंग पंप आणि १० नोझल, रोज ३ तास: ४५ युनिट, ५४० रुपये, नोझलला तासाला ५ लिटर धरले तर पाणी साडेचार हजार लिटर, म्हणजे जवळजवळ एक टँकर

उघड्या ओसरीत एसी लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दीड टनाचा एसी रोज ६ तास चालला तर २७० युनिट, म्हणजे सव्वातीन हजार रुपये जातील आणि गारवा वाऱ्याबरोबर अंगणाबाहेर जाईल. तीन बाजूंना काच लावून जागा बंद केली तरच एसीचा विचार. मग ते अंगण राहत नाही, खोली होते.

खिशाप्रमाणे तीन योजना

*सहा हजार.* ९० टक्के जाळी एक हजार, बांबू-तार-मजुरी अडीच हजार, पश्चिमेला तट्टा दोन हजार, भिंतीला चुना पाचशे. वर संध्याकाळचा सडा. घरातलाच पंखा बाहेर काढा. सगळ्यांत मोठा फरक याच टप्प्यात पडतो.

*पंचवीस हजार.* वरच्या सगळ्यात भर: तट्ट्याऐवजी चीक केल्याचे चार हजार, बीएलडीसी पंखा तीन हजार, लोखंडी कूलर आठ हजार, बाहेरची वायरिंग, अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) चार हजार. विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या बहुतेक घरांनी इथे थांबावं.

*एक लाख.* जाळीऐवजी पफ पॅनेलची शेड ६३ हजार, चीक सहा हजार, दोन चांगले पंखे सहा हजार, मोठा कूलर बारा हजार, वायरिंग सहा हजार, स्लॅब-भिंतीचा रंग पाच हजार. पावसातही जागा वापरता येते, हा याचा खरा फायदा.

एका दिवसाच्या कार्यासाठी यातलं काहीही विकत घेऊ नका. साखरपुडा, वाढदिवस असेल तर मंडपवाल्याकडून जंबो कूलर भाड्याने आणा. आकाराप्रमाणे दिवसाला सहाशे ते बाराशे रुपये पडतात.

कोकण, मुंबई, गोव्यासाठी

इथे पाण्याचा सगळा भाग गाळा. सिंधुदुर्गात घरापुढच्या खळ्यात विणलेल्या झावळ्यांचा माटव घालतात आणि पावसाआधी तो उतरवतात, त्यात हवेचं सगळं शहाणपण आहे: दाट सावली, उघड्या बाजू, वाऱ्याला वाट. बाजू चिकांनी बंद करू नका. एका मोठ्या कूलरच्या पैशांत दोन-तीन जोरकस पंखे येतात. दमट हवेत घाम सुकवायला तेच लागतात. इमारतीच्या गच्चीवर काही करायचं तर आधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि वॉटरप्रूफिंग केलेल्या स्लॅबला भोकं पाडू नका. खांब मातीने भरलेल्या जड सिमेंटच्या कुंड्यांत रोवून जाळी बांधता येते.

ऑर्डर देण्याआधी विचारायचं

फॅब्रिकेटरला: भाव चौरस फुटाचा की वजनाचा? पाइपची आणि पत्र्याची जाडी किती? प्रायमर, रंग, पायाचं काँक्रीट, वाहतूक आणि जीएसटी यात धरले आहेत का? पाणी कुठल्या बाजूला पडेल? उत्तरं कोटेशनवर लिहून घ्या. पक्की शेड असेल तर महापालिका-नगरपालिकेची परवानगी लागते का, हे काम सुरू होण्याआधी विचारा.

कूलरवाल्याला: मोटरची वाइंडिंग तांब्याची आहे का? पंप आणि मोटरची हमी वेगवेगळी आहे का? गावात दुरुस्ती होते का?

वायरमनला: अर्थिंग तपासून दिलं का? कूलरचा शॉक लागून विदर्भात उन्हाळ्यात माणसं दगावतात, आणि ती बहुतेक पाणी भरताना. तीन पिनांचा प्लग, चालू स्थितीतलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी यात काटकसर नको. पाणी भरण्याआधी बटण बंद करा आणि प्लगही काढा. ओल्या अंगणात अनवाणी कूलरला हात लावू नका.

आठवड्यातून एक दिवस कूलरची टाकी रिकामी करून घासून कोरडी ठेवा. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

केव्हा घ्यायचं

जाळी, कूलर, पंखे फेब्रुवारीतच घ्या. एप्रिलमध्ये भाव चढतात, फॅब्रिकेटर आणि वायरमन तारीख देत नाहीत. शेडचं काम दिवाळीनंतर, थंडीत करून घेतलं तर मजूर मिळतात आणि घासाघीसही होते.

आणि सगळं एकदम घेऊ नका. आधी वरची सावली आणि पश्चिमेचा आडोसा करा, मग आठवडाभर रोजच्या वेळेला तिथे बसून पाहा. नुसतीच हवा कोंडते असं वाटलं तर पंखा आणा. पंख्याखालीही झोत गरम लागला आणि आर्द्रता ३५ च्या खाली असेल, तर कूलर. बऱ्याच घरांना पुढच्या वस्तूची गरज उरत नाही. दुपारी बारा ते चार या वेळेसाठी मात्र कितीही पैसे घातले तरी ४४-४५ अंशांत अंगण म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना सुरक्षित होत नाही. त्या चार तासांसाठी बाहेर खर्च करण्यापेक्षा घरातली एक खोली गार ठेवा.